खाडीकाठच्या घरातला एसी लवकर का सडतो आणि जास्त वर्षं कसा टिकवायचा

एसी गार करेनासा झाला की मेकॅनिक गेज लावतो आणि म्हणतो, “गॅस गेलाय, भरून घ्या.” गॅस भरला जातो, उन्हाळा निघतो आणि पुढच्या होळीला पुन्हा तेच. नवी मुंबईतल्या ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, बेलापूर, उलवे, इकडे ठाण्यातल्या कळवा, बाळकुम, कोलशेत या खाडीलगतच्या पट्ट्यात अनेक घरांचा हा ठरलेला खर्च होऊन बसलाय. खरं तर एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला म्हणजे नळीला कुठेतरी भोक पडलंय किंवा एखादा जोड सुटलाय. आणि इथल्या घरांत ते भोक बहुतेकदा हवेनंच पाडलेलं असतं.

कोरड्या हवेच्या गावात जो एसी दहा-बारा वर्षं निभावतो, त्याची कॉइल (नळ्या आणि पात्यांची जाळी) आपल्याकडे पाच-सहा वर्षांतही गळायला लागू शकते. कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस फिरवणारा पंप, तोवर ठणठणीत असतो. दहा वर्षांची वॉरंटी पाहून आपण निश्चिंत होतो, पण ती बहुधा कॉम्प्रेसरपुरतीच असते. कॉइल आणि गॅसची मुदत कार्डावर वेगळी लिहिलेली असते आणि गंजामुळे झालेलं नुकसान अनेकदा त्यातून वगळलेलं असतं. ते कार्ड आजच काढून वाचा.

मीठ, ओल आणि खाडीचा वायू

सगळा दोष खाऱ्या हवेवर टाकायची पद्धत आहे. वरळी किंवा दादरला, जिथे लाटा दगडांवर फुटतात, तिथे तुषारांबरोबर भरपूर मीठ उडतं आणि तिथे हे म्हणणं बरोबरही आहे. ठाणे खाडीत लाटा फुटत नाहीत, त्यामुळे इथे मिठाचं प्रमाण त्या मानानं कमी. तरी ते हवेत असतं, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतं आणि आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, पात्यांवर थोडं थोडं बसत राहतं.

मीठ कोरडं असेल तोवर धातूला फारसा त्रास देत नाही. पण साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ते याचमुळे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. आपल्याकडे आर्द्रता त्याखाली फार वेळ राहत नाही. म्हणजे एकदा हा थर बसला की तो जवळजवळ बाराही महिने ओलसर असतो.

त्या ओल्या थराखाली काय होतं ते समजलं तर पुढच्या सगळ्या सूचना पटतील. कॉइलमध्ये तांब्याच्या नळीवर अॅल्युमिनियमची पातळ पाती बसवलेली असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारं पाणी, ही एक छोटी बॅटरीच झाली. अशा जोडीत अॅल्युमिनियम खाल्लं जातं. पाती नळीला जिथे गच्च धरून असतात तिथेच पांढरी भुकटी धरते आणि पकड सैल होते. पकड गेली की नळीतली उष्णता पात्यांपर्यंत पोचत नाही. गॅस पुरेपूर असतो, गळती कुठेच नसते, तरी एसी धापा टाकतो आणि बिल वाढतं. त्यापुढच्या टप्प्यात पात्याला नख लावलं तरी भुगा होऊन पडतो.

तिसरा शत्रू म्हणजे वायू. ठाणे-नवी मुंबईत त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलातून आणि सांडपाण्याच्या नाल्यांतून कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे आणि तळोजाच्या एमआयडीसीच्या आसपास कारखान्यांचे वायू त्यात मिसळतात. या वायूनं तांबं काळं पडतं. सर्किट बोर्डावरचे चांदीचे संपर्कबिंदू आणि तांब्याच्या बारीक रेषाही त्यानंच खराब होतात.

तुमच्या घराला यातला कुठला त्रास जास्त आहे ते महिनाभरात कळू शकतं. घरातली चांदीची भांडी किंवा पैंजण काही आठवड्यांतच काळी पडत असतील तर हवेत सल्फरचा वायू आहे. आणखी खात्री करायची तर जाड तांब्याच्या वायरचा वीतभर तुकडा सोलून घ्या, चिंचेनं घासून चकचकीत करा, साध्या पाण्यानं स्वच्छ धुऊन पुसा आणि आउटडोअरजवळ, पाऊस लागणार नाही असा टांगून ठेवा. महिन्यानं नुसता तपकिरी, मळकट झाला असेल तर काळजीचं कारण नाही. काळा पडला तर वायूचा मारा आहे. हिरवट पुटं आली तर मीठ आणि ओल यांचं काम चालू आहे.

छज्जाखालचं युनिट आधी सडतं

बहुतेकांची समजूत असते की आउटडोअर पावसापासून झाकलं की जास्त टिकतं. इथे अनुभव उलटा येतो. उघड्यावरच्या युनिटला जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस स्वतःच धुऊन काढतो आणि पात्यांवरचं मीठ वाहून जातं. छज्जाखाली किंवा टॉवरच्या डक्टमध्ये (इमारतीतल्या उभ्या पोकळीत) बसवलेल्या युनिटवर पाऊस पडत नाही, दमट हवा मात्र चोवीस तास लागते. मीठ साठत राहतं, ओलं राहतं आणि कुणीच धूत नाही. म्हणून ‘आमचं आउटडोअर आत आहे, सुरक्षित आहे’ असं वाटत असेल तर आधी तेच तपासा. जून-जुलैत एसी लावायचा नाही म्हणून प्लास्टिक किंवा ताडपत्री गुंडाळणं तर मुळीच नको. आत ओल कोंडते आणि दोन महिन्यांत तळाच्या पत्र्याला गंज धरतो. झाकायचंच असेल तर फक्त वरून पत्रा किंवा फळी ठेवा, चारही बाजू मोकळ्या सोडा.

टॉवरच्या डक्टचा आणखी एक त्रास म्हणजे गरम हवा. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश आहे असं धरून मोजलेली असते. डक्टमध्ये एकावर एक आठ-दहा युनिटं गरम हवा सोडतात आणि पुढे अॅल्युमिनियमच्या तिरप्या पट्ट्यांची जाळी असते. हवा बाहेर पडायच्या ऐवजी फिरून पुन्हा आत ओढली जाते आणि युनिटच्या तोंडाशी तापमान सहज ४५ अंशांच्या पुढे जाऊ शकतं. एक डिजिटल थर्मामीटर कॉइलच्या मागे हवा आत जाते तिथे धरा आणि दुसरा खिडकीबाहेर सावलीत. फरक पाच अंशांहून जास्त असेल तर युनिटसमोरच्या पट्ट्या काढण्यासाठी सोसायटीकडे अर्ज करा. डक्टमध्ये संडासाच्या पाइपाचं व्हेंटही असतं. त्यातून येणारा वायू खाडीच्या वायूचाच भाऊ आहे, त्यामुळे व्हेंटच्या तोंडाशी आउटडोअर बसवू देऊ नका.

आउटडोअर कसं धुवायचं

एसीचं आयुष्य वाढवणाऱ्या सगळ्या कामांत हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित काम आहे. सर्व्हिसिंगला आलेला माणूस बऱ्याचदा इनडोअर धुतो, फिल्टर झटकतो आणि जातो. आउटडोअरपर्यंत पोचायला त्रास असतो म्हणून ते राहून जातं. त्याला बोलावतानाच सांगा की आउटडोअर धुतल्याशिवाय सर्व्हिसिंग झालं असं आम्ही धरत नाही.

बाल्कनीतून किंवा गच्चीवरून हात सहज पोचत असेल तर हे काम घरीही होतं. खिडकीबाहेर वाकावं लागत असेल तर मात्र मोह टाळा. ते काम सेफ्टी बेल्ट लावलेल्या माणसाचं आहे, आणि बेल्ट भिंतीतल्या पक्क्या हुकाला अडकवलेला हवा, खिडकीच्या ग्रिलला नाही.

आधी एसीचा एमसीबी खाली करा आणि दहा मिनिटं थांबा, कारण इन्व्हर्टर एसीच्या बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. मग पानं, पिसं, कबुतराच्या काड्या हातमोजे घालून काढा. पाणी नळाचंच घ्या. नवी मुंबईत मोरबे धरणाचं येतं ते उत्तम. बोअरवेलचं पाणी खाडीलगत खारं असू शकतं, त्यानं धुणं म्हणजे मिठावर मीठ चढवणं. एका युनिटला १० ते १५ लिटर पाणी पुरतं. झाडांना मारायचा पाच लिटरचा हातपंप दोन-तीनदा भरला की काम होतं. धार हलकी ठेवा आणि वरून खाली, पात्यांच्या रेषेतच सोडा. गाडी धुवायचा प्रेशर पंप जवळून मारला तर पाती आडवी होतात आणि मग तिथून हवाच जात नाही.

मेकॅनिक करत असेल तर त्याला वरचं झाकण काढून आतून बाहेर पाणी मारायला सांगा. पंखा हवा बाहेरून आत ओढतो, त्यामुळे कचरा बाहेरच्या बाजूला चिकटलेला असतो आणि आतून धार आली की तो सुटून बाहेर पडतो. सर्किट बोर्ड, कपॅसिटर आणि वायरींचा डबा प्लास्टिकनं झाकून घ्यावा. हट्टी चिकट थर असेल तर बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य शाम्पू टाकून ते पात्यांवर मारा, दहा मिनिटं राहू द्या आणि पुन्हा साध्या पाण्यानं भरपूर धुवा. शाम्पूचा अंशही मागे राहता कामा नये.

शेवटी तळाचा पत्रा पाहा. त्याला पाणी जायला भोकं असतात. कबुतराची विष्ठा आणि माती यांनी ती बुजतात, तळात पाणी साचतं आणि कॉम्प्रेसरचं बूड त्यात उभं राहतं. काडीनं भोकं मोकळी करा. गंजाचे पोपडे आले असतील तर पॉलिश पेपरनं घासून, पूर्ण कोरडं करून झिंक प्रायमर आणि वर इनॅमलचे दोन हात द्या. रंग फक्त पत्र्यालाच, पात्यांना नाही. मग दोन-तीन तास वाळू द्या आणि एसी चालू करा.

किती वेळा धुवायचं ते तुमच्या जागेवर आहे. खाडी समोर दिसत असेल किंवा एमआयडीसी हाकेच्या अंतरावर असेल तर ऑक्टोबरपासून मेपर्यंत महिन्यातून एकदा. नौपाडा, पाचपाखाडी, सानपाड्याच्या आतल्या बाजूला तीन महिन्यांतून एकदा पुरे. उघड्यावरचं युनिट पावसाळ्यात धुवायची गरज नाही, डक्टमधलं मात्र पावसाळ्यातही धुवा. वर्षातलं सर्वांत महत्त्वाचं धुणं दसऱ्याच्या सुमारास करा. पाऊस गेलेला असतो आणि पुढचे आठ महिने बसणारं मीठ धुवायला कुणी नसतं.

चकचकीत करणारं केमिकल

आउटडोअरवर केमिकल मारून पाच मिनिटांत कॉइल चांदीसारखी करून दाखवतात. ही चमक अॅल्युमिनियमचा वरचा थर विरघळल्यामुळे येते. तीव्र आम्ल असो की कॉस्टिक, दोन्ही पाती खातात, आणि ब्लू फिन किंवा गोल्ड फिन म्हणून ज्या लेपनाचे आपण पैसे मोजलेले असतात तेही निघून जातं. नंतर आलेलं मीठ थेट उघड्या धातूवर बसतं. फोम जेट सर्व्हिसला हरकत नाही, पण डबा मागून वाचा. त्यावर पीएच ७ ते ८ किंवा ‘न्यूट्रल’ असं लिहिलेलं हवं. लेबल नसलेल्या बाटलीतलं द्रावण कॉइलला लावू देऊ नका, माणूस कितीही ओळखीचा असला तरी.

जुन्या कॉइलवर फवारायचं गंजरोधक लेपनही बाजारात मिळतं. नव्या कोऱ्या, कोरड्या कॉइलवर त्याचा उपयोग होतो. गंज सुरू झाल्यावर मारलं तर मीठ आणि ओल त्याखाली कोंडली जाते आणि सडणं आतल्या आत चालू राहतं.

आतली कॉइल: फर्निचर, फोडणी आणि बुरशी

इनडोअरच्या कॉइलला मीठ कमी लागतं, पण ती सतत ओली असते. जुलैच्या हवेत दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीनं चालताना तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढतो. या ओल्या तांब्याला दुसऱ्याच गोष्टींचा धोका असतो. नवीन प्लायवूड, लॅमिनेटचा गोंद, पीयू पॉलिश आणि ताजा रंग यांतून फॉर्मिक आणि अॅसिटिक आम्लाच्या जातीची वाफ येत राहते. ती ओल्या नळीवर बसली की तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखी वेडीवाकडी सूक्ष्म भुयारं पडतात. भोक डोळ्यांना दिसत नाही, गॅस मात्र हळूहळू निघून जातो. नव्या घराचं इंटेरियर झालं आणि वर्षभरातच इनडोअर कॉइल गळायला लागली, तर पहिला संशय याचाच घ्यावा.

म्हणून सुतारकाम आणि रंगकाम चालू असताना इनडोअर प्लास्टिकनं बंद करा आणि एसी चालवू नका. काम झाल्यावर दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवून घराला वारा द्या, मगच एसी लावा. व्हिनेगर, ब्लीच आणि तीव्र वासाची फ्लोअर क्लीनर वापरताना एसी बंद ठेवा.

रोजच्या वापरात तीन गोष्टी सांभाळा. पहिली, फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. हॉलच्या एसीला स्वयंपाकघर जोडून असेल तर आठवड्यानं, कारण फोडणीचं तेल आणि धूप-उदबत्तीचा धूर फिल्टरवर चिकट थर करतात. दुसरी, बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फक्त पंखा चालवायचा. ऑटो क्लीनचं बटण असेल तर ते हेच काम करतं. कॉइल आणि ब्लोअर कोरडे झाले की बुरशी धरत नाही आणि सकाळी एसी लावल्यावर येणारा कुबट वासही जातो. तिसरी गोष्ट म्हणजे तापमान. २४ ते २६ अंश आणि वर छताचा पंखा. १८ वर ठेवलं की खोली लवकर गार होते असं नाही, एसी फक्त जास्त वेळ पूर्ण ताकदीनं पळतो. पावसाळ्यात बाहेर २७-२८ अंशच असताना घाम सुकत नसेल तर ड्राय मोड वापरा.

पाणी आत टपकत असेल तर बहुतेक वेळा ड्रेनच्या नळीत शेवाळाचा बुळबुळीत गोळा अडकलेला असतो. बाहेरच्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावून ओढा किंवा ट्रेमध्ये लिटरभर कोमट पाणी सोडा. नळीला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा आणि तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं नसावं.

गॅस खरंच गेलाय का, हे घरीच पाहा

मेकॅनिकला फोन करण्याआधी वीस मिनिटं द्या. फिल्टर धुवा, एसी १८ अंशांवर आणि पंखा सर्वांत जोरात ठेवा. पंधरा मिनिटांनी वरून आत जाणाऱ्या आणि खालून येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅस ठीक आहे. भर पावसात हा फरक ७-८ वर येतो, कारण बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. त्याच वेळी ड्रेनखाली बादली ठेवा. जुलैत तासाभरात तांब्याभर पाणीही जमलं नाही आणि हवा कोमट आहे, तर गॅस कमी असण्याची शक्यता बरीच आहे. इनडोअर कॉइलचा अर्धाच भाग ओला, अर्धा कोरडा किंवा एका कोपऱ्यात बर्फ, ही दुसरी खूण.

आता गळती शोधायची. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, म्हणून आधी तेलकट डाग शोधा आणि त्यावर धूळ काळी चिकटली आहे का पाहा. सर्वांत आधी फ्लेअर नट, म्हणजे नळ्या आउटडोअरला जोडल्या आहेत ते पितळी नट. मग सर्व्हिस व्हॉल्व्ह. त्यावरची पितळी टोपी हरवलेली असेल तर गळती तिथूनच असू शकते. ती टोपी सजावटीची नाही, ती दुसरं सील आहे. त्यानंतर कॉइलच्या टोकाचे यू-बेंड आणि एकमेकांवर घासणाऱ्या बारीक नळ्या. साबणाच्या पाण्याचा फेस लावला की बुडबुडा सांगतो.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे आणि तो मेकॅनिककडून पाळून घ्या. उरलेला गॅस काढून घेतल्यानंतरच टॉर्च पेटवायचा. आजच्या बहुतेक एसीत आर-३२ हा गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो, म्हणून खोलीच्या खिडक्या उघड्या आणि जवळ विडी-सिगारेट नको. ब्रेझिंग (टॉर्चनं तापवून नळी जोडणं) झाल्यावर नायट्रोजन भरून ४०० ते ४५० पीएसआय दाबावर किमान दोन तास सोडायचा आणि काटा हलतोय का पाहायचं. मग आतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम पंप अर्धा तास, मायक्रॉन गेजवर (उरलेला दाब दाखवणाऱ्या मीटरवर) ५०० च्या खाली. पंप बंद केल्यावर दहा मिनिटं तो आकडा वर चढता कामा नये. चढला तर ओल राहिली आहे किंवा गळती. शेवटी गॅस वजनकाट्यावर, आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच. इन्व्हर्टर एसी स्वतःचा वेग बदलत असतो, त्यामुळे फक्त गेजवरचा दाब पाहून अंदाजे गॅस भरणं चुकीचं. नायट्रोजनचा सिलिंडर आणि वजनकाटा न आणता आलेल्या माणसाकडून गॅस भरून घेऊ नका. दमट दिवसात व्हॅक्यूम नीट न केलेल्या नळीत पाणी राहतं, ते तेलात मिसळून आम्ल होतं आणि मग कॉम्प्रेसरही जातो.

बोर्ड, वायरी आणि पाली

इन्व्हर्टर एसीत कॉइलच्या खालोखाल मरतो तो आउटडोअरचा पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड. ओल आणि वायू यांची बाधा असतेच, शिवाय पाल उबेला आत शिरते आणि दोन टोकांना चिकटते. वायरी जातात ते भोक रबरी ग्रोमेट आणि सिलिकॉननं बंद करून घ्या. टर्मिनलवर नुसती पिळलेली वायर नको, दाबून बसवलेले लग (धातूची टोकं) हवेत. वर्षातून एकदा स्क्रू आवळून घ्या. हिरवट झालेली वायर इंचभर कापून नव्यानं सोलायची. जुन्या, बिनइन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर ‘हम्म’ करून थांबत असेल तर कपॅसिटर मोजायला सांगा. ५० मायक्रोफॅरडचा ४५ च्या खाली उतरला असेल तर बदला. कमी किमतीचा सुटा भाग आहे, त्यापायी कॉम्प्रेसर जळू देऊ नका.

नवा बसवताना

कॉइल तांब्याची आणि लेपन केलेली घ्या. पीसीबीवर लाखेसारखा संरक्षक थर आहे का आणि तो धातूच्या डब्यात आहे का ते विचारा. १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, १८० पर्यंत दीड टन बरोबर आहे. वरचा मजला किंवा पश्चिमेची भिंत असेल तर थोडा मोठा घ्या. गरजेपेक्षा फार मोठा घेतला तर खोली दोन मिनिटांत गार होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि हवेतली ओल तशीच राहते.

फिटिंगच्या सामानात काटकसर नको. तांब्याचा पाइप दोन सूत आणि चार सूत, किंवा कंपनी सांगेल तो, पण जाडी ०.८ मिमी असावी. काळं नायट्राइल इन्सुलेशन किमान १३ मिमीचं, प्रत्येक नळीला वेगळं, आणि उन्हात येणाऱ्या भागावर अॅल्युमिनियमची किंवा जाड पीव्हीसी टेप. उघडं पडलेलं इन्सुलेशन दोन उन्हाळ्यांत चिरतं आणि नळीवर पाणी धरतं. स्टँड पावडर कोटिंगच्या साध्या लोखंडाचा दिला जातो. ड्रिल केलेल्या भोकापासून त्याला गंज धरतो आणि तो आतून पोखरला तरी बाहेरून रंग शाबूत दिसतो. त्यावर ३०-४० किलोचं युनिट रस्त्यावर लटकत असतं. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) किंवा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला, स्टँड घ्या, नट-बोल्ट आणि अँकरही एसएसचे. जुना स्टँड दरवर्षी मृगाच्या आत तपासून घ्या. हातोडीनं हलकं ठोकून पाहायचं. ठणठण वाजला तर धातू आहे, बद्द आवाज आला आणि पोपडा पडला तर युनिट उतरवून स्टँड बदला.

मागे किमान १५ सेंटिमीटर आणि समोर ६० सेंटिमीटर मोकळं हवं. कबुतरांसाठी जाळी लावायची तर इंचभर किंवा मोठ्या भोकांची नायलॉनची, आणि ती युनिटला चिकटून नाही, बाल्कनीच्या तोंडाला. मच्छरजाळी लावली तर महिन्याभरात ती धुळीनं बंद होते.

हलवताना आणि भंगारात देताना

घर बदलताना किंवा एसी काढताना गॅस हवेत सोडून देतात, तो वाचवता येतो. एसी कूलिंगवर सर्वांत खालच्या तापमानाला लावा. आउटडोअरवरचा बारीक नळीचा व्हॉल्व्ह अॅलन कीनं पूर्ण बंद करा, मग गॅस आउटडोअरमध्ये गोळा व्हायला लागतो. जाड नळीवरच्या गेजचा काटा शून्याच्या जवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि लगेच एसी बंद करा. मेकॅनिककडे लक्ष ठेवा, काटा शून्याखाली गेला तरी कॉम्प्रेसर चालू राहता कामा नये. आणि तो बंद होईपर्यंत एकही नट सैल करायचा नाही, कारण चालू कॉम्प्रेसरनं हवा आत ओढली तर तो फुटू शकतो. त्यानंतर नळ्या सोडवून दोन्ही तोंडांना टोप्या लावा.

आउटडोअर कॉइल एकदाच गळली आणि बाकी पाती घट्ट आहेत, तर ब्रेझिंग करून घेणं परवडतं. पाती हाताला भुग्यासारखी लागतात आणि दुसऱ्यांदा दुसऱ्याच ठिकाणी गळती झाली, तर तिसऱ्या दुरुस्तीचे पैसे वाचवा. युनिट सात वर्षांच्या आतलं आणि कंपनीची मूळ कॉइल मिळत असेल तर फक्त कॉइल बदला, नाहीतर एसीच बदला. भंगारवाला तांब्यासाठी नळी सरळ कापतो आणि आतला सगळा गॅस हवेत जातो. त्याच्या हाती देण्याआधी मेकॅनिककडून आउटडोअरमधला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्या.